सगळेच पेत्रुस, मग कोण कोणता? मध्ययुगीन लॅटिन नावांचा गुंता

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे मध्ययुगीन युरोपातल्या विद्वानांवर मराठीत नोंदी तयार करतायत, आणि बाराव्या-तेराव्या शतकात येऊन अडकलेत, कारण जिकडे बघावं तिकडे पेत्रुस. पेत्रुस आबेलार्दुस, पेत्रुस लोंबार्दुस, पेत्रुस कोमेस्तोर, पेत्रुस हिस्पानुस, यादी संपतच नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: हे दुसरं नाव आडनाव समजायचं का, पेत्रुस पिक्ताविएन्सिस या एकाच नावाखाली दोन अजिबात न जुळणारी चरित्रं का मिळतात, आणि तर्कशास्त्राचं पुस्तक लिहिणारा पेत्रुस हिस्पानुस खरंच पोप झाला होता का.

मी जुन्या लॅटिन पुस्तकांचं कॅटलॉगिंग करते, त्यामुळे या मंडळींशी रोजचाच संबंध येतो. माझं मुख्य म्हणणं आत्ताच सांगून टाकते: पेत्रुस या नावावरून काहीच कळत नाही, दुसऱ्या शब्दावरून अर्धंच कळतं, आणि खरी ओळख पटते ती माणूस कुठल्या साली कुठल्या खुर्चीवर होता आणि त्याच्या पुस्तकाची पहिली ओळ काय आहे यावरून. नावावर भरवसा ठेवून नोंद केली की चूक ठरलेली, आणि ही चूक अगदी मध्ययुगातले लोक सुद्धा करत होते.

एवढे पेत्रुस का, तर उघड आहे, येशूच्या शिष्यांतला पहिला मानला जाणारा, रोमच्या चर्चचा पाया समजला जाणारा पेत्रुस, त्याचं नाव मुलाला ठेवायला कोणाला आवडणार नाही? (आपल्याकडे गोव्यात-वसईत पोर्तुगीजांच्या मार्फत आलेलं पेद्रू ते हेच नाव.) त्यात त्या काळी वापरातली नावं मोजकी, आडनाव ही पद्धत अजून धड बसलेली नाही, आणि शिकलेले बहुतेक सगळे चर्चचे लोक. मग एका वर्गात चार-पाच पेत्रुस बसलेले असले तर नवल नाही. गंमत म्हणजे पोपच्या गादीवर बसल्यावर पेत्रुस हे नाव कुणीच घेतलेलं नाही, ज्याचं मूळ नावच पेत्रुस होतं त्यांनी सुद्धा ते बदललं. पावियाचा बिशप पेत्रुस ९८३ मध्ये पोप झाला तेव्हा तो जॉन चौदावा झाला. याला लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता आडनावाचा प्रश्न. नाही, आडनाव नाही. तो दुसरा शब्द म्हणजे लोकांनी ओळख पटवायला चिकटवलेली चिठ्ठी असते, आणि एकाच माणसाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या चिठ्ठ्या असू शकतात. पेत्रुस कोमेस्तोर मूळचा फ्रान्समधल्या त्र्वा गावचा, तिथे तो डीन होता, म्हणून तो पेत्रुस त्रेकेन्सिस सुद्धा आहे, आणि कोमेस्तोर म्हणजे खादाड, ते पुस्तकं फस्त करायचा म्हणून पडलेलं नाव असं सांगतात, काही हस्तलिखितांत त्याच अर्थाचा मान्दुकातोर हा शब्द येतो. म्हणजे तीन नावं, माणूस एक. उलट पिक्ताविएन्सिस हे एक नाव, माणसं निदान चार. तर शब्द मोजून माणसं मोजता येत नाहीत हे पहिलं ध्यानात घ्या.

गावावरनं आलेलं नाव असेल तर अजून एक पाहायचं. लोंबार्दुस म्हणजे उत्तर इटलीतल्या लोंबार्दीचा, हा माणूस नोवारा भागात जन्मला पण त्याचं सगळं काम पॅरिसमध्ये. नोवाऱ्यात त्याला कोण लोंबार्दुस म्हणणार होतं, तिथे सगळेच लोंबार्द! परक्या ठिकाणी गेल्यावरच गाव नावाला चिकटतं, म्हणून अशा नावातलं गाव बहुतेक वेळा जन्माचं असतं, कामाचं नाही. पण इथे लगेच अपवाद पण आहे: नावातला माणूस बिशप किंवा मठाधिपती असला तर तेच गाव त्याच्या गादीचं असतं. पेत्रुस क्लुनियाकेन्सिस म्हणजे क्लूनी गावात जन्मलेला नव्हे, क्लूनीच्या मठाचा मठाधिपती. दोन्ही जातीची नावं दिसायला अगदी सारखी, प्रत्यय पण तोच, म्हणून हुद्दा बघितल्याशिवाय गाव जन्माचं की कामाचं ते ठरवू नका.

षष्ठीतलं नाव तर याहून फसवं. पेत्रुस योहान्निस ओलिवी या फ्रान्सिस्कन पंडिताचं (मृत्यू १२९८) योहान्निस म्हणजे योहानचा, वडलांचं नाव, हे सरळ आहे. त्याच नियमाने लोक पेत्रुस दामियानीच्या वडलांचं नाव दामियान धरतात आणि चुकतात. हा १००७ मध्ये राव्हेन्नात जन्मला, लहानपणीच पोरका झाला, हाल झाले, आणि शेवटी दामियान नावाच्या थोरल्या भावाने त्याला जवळ घेऊन शिकवलं, त्या भावाच्या उपकाराची आठवण म्हणून ते नाव त्याने घेतलं असं मानलं जातं. पुढे हा ओस्तियाचा कार्डिनल-बिशप झाला, १०७२ मध्ये वारला. आणि पेत्रुस आल्फोन्सी? हा मूळचा मोशे नावाचा ज्यू विद्वान, स्पेनमधल्या उएस्का गावचा. ११०६ मध्ये २९ जूनला त्याने बाप्तिस्मा घेतला, तो दिवस संत पीटर आणि पॉल यांच्या सणाचा म्हणून पेत्रुस, आणि धर्मपिता होता आरागॉनचा राजा आल्फोन्सो म्हणून आल्फोन्सी. तर षष्ठीच्या तीन नावांत एक वडील, एक भाऊ आणि एक राजा. नियम कसला लावणार?

या आल्फोन्सीवर तुम्ही नोंद करणारच असाल तर त्याच्या कथासंग्रहाला, दिस्किप्लिना क्लेरिकालिसला, थोडी जास्त जागा द्या, मराठी वाचकाला त्यात ओळखीचं सापडेल. त्यात चंद्रकिरण धरून छपरावरून खाली उतरायला जाणाऱ्या मूर्ख चोराची गोष्ट आहे, ती अरबी कलीला व दिम्नातून आलेली, आणि ते पुस्तक म्हणजे पंचतंत्राचा अरबी अवतार. फक्त एक काळजी घ्या, ही विशिष्ट गोष्ट मूळ पंचतंत्रातली म्हणून लिहू नका, ती कलीला व दिम्नाच्या सुरुवातीला बुर्झोय वैद्याचं जे आत्मवृत्त आहे त्यातली आहे.

आता पॅरिस. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या नोत्र दामच्या शाळेत काय चाललं होतं बघा. पेत्रुस लोंबार्दुस तिथे शिकवत होता, ११५० च्या दशकात त्याने सेन्तेन्तिए हा चार भागांचा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला, ११५९ मध्ये तो पॅरिसचा बिशप झाला आणि ११६० मध्ये वारला. त्याच्या हाताखाली शिकला पेत्रुस कोमेस्तोर, तो पॅरिसचा चान्सेलर, म्हणजे कॅथेड्रलच्या शाळेवर देखरेख करणारा अधिकारी, झाला आणि बायबलमधली सगळी कथा सलग सांगणारा हिस्तोरिया स्कोलास्तिका लिहून ११७८ च्या सुमारास वारला. लोंबार्दुसचाच दुसरा शिष्य पेत्रुस पिक्ताविएन्सिस, हा ११९३ पासून चान्सेलर, मृत्यू १२०५. आणि त्याच कॅथेड्रलमध्ये ११८३ पासून कांतोर, म्हणजे गायकवृंदाचा प्रमुख, असलेला पेत्रुस कांतोर, मृत्यू ११९७. चार पेत्रुस, एक गल्ली म्हणा ना. त्यात हस्तलिखितात कधी कधी नुसतं मागिस्तेर पे. एवढंच लिहिलेलं, म्हणजे पेत्रुस सर. कोणते सर?

विरोधकांना सुद्धा हे लोक एकत्रच दिसायचे. सेंट व्हिक्टर मठाचा वॉल्टर, तो ११७० च्या दशकाच्या शेवटी शेवटी चिडून एक पुस्तक लिहितो, फ्रान्समधल्या चार चक्रव्यूहांच्या विरुद्ध, म्हणजे नव्या तर्कबाज शिक्षकांच्या विरुद्ध. हे चार कोण, तर आबेलार्दुस, लोंबार्दुस, पिक्ताविएन्सिस आणि प्वातिएचा जिल्बेर. चारातले तीन पेत्रुस! पण इतिहासाने वॉल्टरला साथ दिली नाही. १२१५ मध्ये पोपने रोमला भरवलेल्या चौथ्या लातेरान परिषदेत फियोरेचा मठाधिपती योआकिम याचे लोंबार्दुसवरचे आक्षेप फेटाळताना परिषदेने चक्क लिहून टाकलं की पेत्रुस लोंबार्दुससोबत आम्ही असं मानतो आणि कबूल करतो. एका शिक्षकाचं नाव असं परिषदेच्या श्रद्धेच्या जाहीर कबुलीत येणं ही फार मोठी गोष्ट आहे. पुढे सोळाव्या शतकापर्यंत धर्मशास्त्रात पदवी घ्यायची तर त्याच्या ग्रंथावर भाष्य करायचं हा रिवाज पडला, थॉमस अक्वायनस, बोनाव्हेंचर, डन्स स्कोटस, सगळ्यांनी केलं, तरुण लुथरच्या सुद्धा त्यावर टिपा आहेत. आणि त्याच १२१५ च्या परिषदेने पाण्यात बुडवून किंवा तापलेलं लोखंड हातात देऊन गुन्हा ठरवायच्या दिव्यांत पाद्र्यांनी भाग घ्यायचा नाही असं ठरवलं, त्यामागे वर्षानुवर्ष दिव्यांविरुद्ध बोलत असलेल्या पेत्रुस कांतोरच्या शिकवणीचा मोठा वाटा मानतात. एकाच परिषदेत दोन पेत्रुसांची छाया, आणि दोघंही तेव्हा हयात नव्हते. माझ्या मते कांतोरवर नेहमी कमी लिहिलं जातं, तुमच्या यादीत तो नसेल तर जरूर घाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पिक्ताविएन्सिस, म्हणजे प्वातिएचा. तुम्हाला मिळालेली दोन चरित्रं दोन माणसांची आहेत, एकाची नाहीत. पहिला आत्ता सांगितला तो पॅरिसचा चान्सेलर, मृत्यू १२०५. दुसरा त्याच्या बराच आधीचा, क्लूनीचा मठाधिपती पेत्रुस वेनेराबिलिस (मगाचचा क्लुनियाकेन्सिस तोच, मृत्यू ११५६) याचा सेक्रेटरी. तिसरा पण आहे, पॅरिसच्याच सेंट व्हिक्टर मठातला एक पेत्रुस पिक्ताविएन्सिस, त्याने पापनिवेदन कसं ऐकावं यावर पुस्तक लिहिलंय. आणि चौथा म्हणजे प्वातिएचा बिशपच होता पेत्रुस नावाचा, तो १११५ मध्ये वारला. हे सगळं एका नोंदीत घातलं की मग कार्डावरचा माणूस शंभरी ओलांडतो, क्लूनीत पत्रं लिहितो, पॅरिसात चान्सेलर होतो आणि मधेच व्हिक्टरच्या मठात पण राहतो. असं कुठे चरित्र दिसलं की समजायचं, दोन-तीन जण एकमेकांत शिवले गेलेत.

सेक्रेटरी पिक्ताविएन्सिसची गोष्ट मात्र मला थोडी सविस्तर सांगायचीय, कारण पेत्रुसांची गर्दी म्हणजे काय ते तिथे दिसतं. ११४२ मध्ये पेत्रुस वेनेराबिलिस स्पेनला गेला आणि तिथे त्याने कुराणाचं लॅटिन भाषांतर करवून घेतलं, केटनच्या रॉबर्टकडून, ते ११४३ मध्ये पूर्ण झालं. सोबत इतर अरबी ग्रंथांची पण भाषांतरं. त्यातलं एक काम दिलं पेत्रुस तोलेतानुसला, म्हणजे टोलेडोच्या पेत्रुसला. याचं अरबी उत्तम पण लॅटिन तितकं चांगलं नाही, म्हणून मठाधिपतीने आपला सेक्रेटरी पेत्रुस त्याच्या जोडीला दिला, लॅटिन घासूनपुसून नीट करायला. हे सगळं मठाधिपती स्वतः क्लेर्व्हो मठाचा वजनदार मठाधिपती बर्नार याला पत्रात लिहून कळवतो. म्हणजे बघा, पेत्रुस पत्रात सांगतोय की पेत्रुसने भाषांतर केलं आणि पेत्रुसने ते सुधारलं. मूळ लॅटिन वाचताना प्रत्येक पेत्रुसपाशी थांबून हा कुठला ते ठरवावं लागतं, आणि ते ठरतं शेजारच्या शब्दावरून, माझा नोतारियुस असं लिहिलं की सेक्रेटरी, मागिस्तेर आणि टोलेडो आलं की भाषांतरकार. हेच कुराणाचं भाषांतर पुढे १५४३ मध्ये बाझेलमध्ये छापलं गेलं, छापखान्याच्या जमान्यात पण तेच वापरात होतं.

याच वेनेराबिलिसचं आणि आबेलार्दुसचं नातं. आबेलार्दुस १०७९ मध्ये नाँतजवळ ल पाले गावी जन्मला, हा नावाजलेला तर्कशास्त्रज्ञ, आणि एलोईझ त्याची विद्यार्थिनी, मग बायको, पुढे पाराक्लेत मठाची प्रमुख, त्यांची कहाणी प्रसिद्धच आहे. सांस गावी भरलेल्या चर्चच्या सभेत बर्नारच्या आरोपांवरून त्याची मतं दोषी ठरवली गेली तेव्हा म्हातारा, थकलेला माणूस रोमला दाद मागायला निघाला आणि वाटेत क्लूनीला थांबला. वेनेराबिलिसने त्याला ठेवून घेतलं, बर्नारशी समेट करून दिला, आजार बळावला तेव्हा हवा बरी म्हणून शालोंजवळच्या सें मार्सेलच्या मठात पाठवलं, आणि तिथेच तो ११४२ मध्ये गेला. नंतर त्याचा देह गुपचूप हलवून एलोईझच्या मठात, पाराक्लेतला पोचवला. एलोईझने मठाधिपतीकडे मागितलं की त्याच्या पापांची क्षमा लेखी आणि सहीशिक्क्यासह द्या, थडग्यावर लावायला. मठाधिपतीने दिलेला तो मजकूर अगदी चार ओळींचा आहे आणि त्याची सुरुवात साधारण अशी: मी पेत्रुस, क्लूनीचा मठाधिपती, ज्याने पेत्रुस आबेलार्दुसला क्लूनीचा संन्यासी म्हणून स्वीकारलं आणि त्याचा गुपचूप नेलेला देह एलोईझला आणि पाराक्लेतच्या भगिनींना दिला... मी हा मजकूर वाचते तेव्हा दर वेळी मला भरून येतं, कारण यात एका पेत्रुसने दुसऱ्याला, ज्याला सगळ्यांनी झिडकारलं त्याला, आपल्या मठाचा माणूस म्हणून शेवटपर्यंत नावानिशी आपला म्हटलंय. आणि एलोईझने त्याच पत्रात तिच्या आणि आबेलार्दुसच्या मुलासाठी, आस्त्रालाबसाठी, चर्चमध्ये काहीतरी वेतनाची जागा बघा अशी पण विनंती केली होती. या मुलाची पाराक्लेतच्या मृत्यूनोंदीत ओळ आहे: पेत्रुस आस्त्रालाबियुस, आमचे गुरू पेत्रुस यांचा मुलगा. तो पण पेत्रुस!

आता पेत्रुस हिस्पानुस, जो तुम्हाला सगळ्यात जास्त छळणार. तर्कशास्त्राचं त्राक्तातुस नावाचं पाठ्यपुस्तक, सुमुले लोगिकालेस म्हणूनही प्रसिद्ध, बार्बारा चेलारेंत या पाठांतराच्या ओळी ज्यातून शतकानुशतकं विद्यार्थ्यांनी घोकल्या, ते कुणी लिहिलं? परंपरा सांगते की लिस्बनचा पेद्रो, जो सप्टेंबर १२७६ मध्ये पोप झाला, जॉन एकविसावा नावाने, आणि मे १२७७ मध्ये व्हितेर्बोच्या राजवाड्यात त्याच्या खोलीचं छत कोसळून त्यात जखमी होऊन मेला. हिस्पानुस म्हणजे स्पेनचा असं समजू नका, त्या काळी हिस्पानिया म्हणजे पूर्ण द्वीपकल्प, पोर्तुगाल त्यात आलंच, म्हणून नावावरून अडचण नाही. अडचण अशी की हिस्पानुस चिठ्ठी लावलेले पेत्रुस बरेच आहेत. एक बाराव्या शतकातला व्याकरणकार, एक चर्च-कायद्याचा पंडित, एक १२४० च्या दशकात सिएनात वैद्यक शिकवणारा, आणि जुन्या डोमिनिकन याद्यांमध्ये त्राक्तातुसचा लेखक आपल्या संघाचा एक साधा भाऊ म्हणून नोंदलेला, पोप वगैरे नाही. त्राक्तातुसची चिकित्सक आवृत्ती १९७२ मध्ये दे रेक यांनी काढली तेव्हा सुद्धा पोपच लेखक धरला होता, पण त्यानंतर आन्हेल द'ओर्स यांनी एकेक पुरावा तपासून दाखवलं की हे सगळं जुळवणं नंतरचं आहे. इटालियन कवी दान्तेच्या दिव्हिना कोम्मेदिया या महाकाव्यात स्वर्गात पिएत्रो इस्पानो भेटतो, जो खाली पृथ्वीवर बारा पुस्तिकांमधून चमकतो, आणि त्राक्तातुसचे भाग बरोब्बर बारा. पण दान्ते त्याच्या पोपपणाबद्दल एक शब्द बोलत नाही, आणि दान्तेला पोपांबद्दल बोलायचा कंटाळा होता असं कोणी म्हणू शकणार नाही. माझं मत विचाराल तर नोंद दोन वेगळ्या करा, एक तर्कशास्त्रकार आणि एक पोप, आणि दोन्हीकडे एक वाक्य टाका की पूर्वी हे दोघे एकच मानत असत. एक करून टाकलेली नोंद नंतर फोडणं फार त्रासाचं असतं, वेगळ्या ठेवलेल्या जोडणं सोपं.

आणि त्या पोपच्या आकड्याकडे बघा, एकविसावा. विसावा जॉन कधी झालाच नाही! झालं असं की जॉन चौदावा, तोच मगाचचा पावियाचा पेत्रुस, त्याच्या नोंदीत राज्यकाळाचे महिने आणि तुरुंगातले महिने वेगवेगळे लिहिले होते, नंतरच्या लोकांनी ते दोन वेगळे पोप समजले, एक जॉन वाढला आणि पुढचा हिशोब एकाने सरकला. एका पेत्रुसच्या नोंदीतल्या घोटाळ्यामुळे तीनशे वर्षांनी दुसऱ्या पेत्रुसला चुकीचा आकडा लागला. त्याच १२७६ मध्ये आणखी एक पेत्रुस पोप होऊन गेला, तारान्तेसचा पेत्रुस, इनोसंट पाचवा, डोमिनिकन, लोंबार्दुसच्या ग्रंथावरचा भाष्यकार. त्याला बाराव्या शतकातल्या तारान्तेसच्या आर्चबिशप संत पेत्रुसशी (मृत्यू ११७४) गल्लत करू नका, ही गल्लत मी छापील पुस्तकांत पाहिलीय.

दान्तेचा विषय निघालाच आहे तर दामियानीचं पण सांगते. त्याच महाकाव्यातल्या स्वर्ग या भागाच्या एकविसाव्या सर्गात दामियानी स्वतः बोलतो: त्या जागी (म्हणजे तो राहायचा त्या मठात) मी पिएत्रो दामियानो होतो, आणि एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरच्या आमच्या माउलीच्या घरात पिएत्रो पापी. आता पेत्रुस पेक्कातोर, म्हणजे पापी पेत्रुस, अशी सही दामियानी करायचाच. पण राव्हेन्नाजवळच्या किनाऱ्यावरचं ते मारियाचं चर्च उभं केलं दुसऱ्याच पेत्रुसने, पिएत्रो देल्यी ओनेस्ती, तो पण स्वतःला पेत्रुस पेक्कातोर म्हणवायचा, आणि तो १११९ मध्ये गेला, दामियानीच्या नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. मग दान्तेने दोघांना एक केलं, का वेगळं केलं? हस्तलिखितांत एका क्रियापदात एका अक्षराचा फरक आहे, फुई असेल तर मी होतो, फु असेल तर तो होता, आणि त्या एका अक्षरावर अभ्यासक अजून वाद घालतात. माझा कल फुईकडे आहे, म्हणजे दान्तेने दोघे एकच समजले असं मला वाटतं, कारण त्या काळी राव्हेन्ना भागात हीच समजूत चालू होती असं दिसतं.

एवढंच कशाला, लोकांनी नावांवरून नाती सुद्धा बनवली. मध्ययुगात एक कथा फार चालायची की पेत्रुस लोंबार्दुस, पेत्रुस कोमेस्तोर आणि चर्च-कायद्याचा मोठा संकलक ग्रात्सियान हे तिघे सख्खे भाऊ, आणि त्यांच्या आईला मरताना ज्या व्यभिचारातून ते जन्मले त्या पापाचा पश्चात्तापच होईना कारण मुलं एवढी मोठी निघाली. तिघांची गावं, घरं वेगळी, नातं काही नाही, फक्त तिघांचे ग्रंथ प्रत्येक शाळेत शेजारी शेजारी असायचे. आपल्याकडे नामदेवांच्या गाथेत नंतरच्या विष्णुदासनाम्याचे अभंग कसे मिसळले तसंच इथे झालंय, नाव एक की साहित्य एकाच्या खात्यावर. कोमेस्तोरची काही प्रवचनं १६०० च्या सुमारास पेत्रुस ब्लेसेन्सिसच्या, ब्लोआच्या पेत्रुसच्या, नावावर छापली गेली. आणि तो ब्लेसेन्सिस तरी एक कुठे, त्याच्या पत्रसंग्रहात त्याच नावाच्या दुसऱ्या ब्लेसेन्सिसला लिहिलेली पत्रं आहेत, अन्यधर्मीयांच्या कथा आणि दिवाणी कायदा पुरे झाला आता धर्मशास्त्राकडे वळ असा उपदेश करणारी. त्या दोघांच्या कविता कुठली कुणाची हे वेगळं करणं अजून चालू आहे.

मग काम करायचं कसं. पहिल्यांदा पुस्तकाची सुरुवातीची ओळ बघा, शीर्षक नंतर. शीर्षक आणि लेखकाचं नाव लेखनिक बदलतो, बाइंडिंग करणारा बदलतो, ग्रंथपाल बदलतो, पण पहिली ओळ सहसा टिकते. दियालेक्तिका एस्त आर्स आर्तियुम अशी सुरुवात असली की तो त्राक्तातुस, मग वर कुणाचंही नाव असो. वेर्बुम आब्रेवियातुम या शब्दांनी सुरू होतो तो कांतोरचा ग्रंथ, त्याचं नावच पहिल्या शब्दांवरून पडलंय. आणि कोन्सिदेरान्स हिस्तोरिए साक्रे प्रोलिक्सितातेम, म्हणजे पवित्र इतिहासाचा लांबलचकपणा बघून, अशी सुरुवात असेल तर तो पॅरिसच्या पिक्ताविएन्सिसचा कोम्पेंदियुम, आदामपासून ख्रिस्तापर्यंतची वंशावळ. हा हातात आला तर बघत बसावा असा असतो, गोल गोल वर्तुळांत नावं, वर्तुळांना जोडणाऱ्या रेघा, मधोमध मुख्य वंश सरळ खाली उतरत जाणारा आणि दोन्ही बाजूंना राजे, पुरोहित. बऱ्याच प्रती लांब गुंडाळीच्या आहेत. एक तेराव्या शतकातला इतिहासकार लिहितो की या पेत्रुसने गरीब विद्यार्थ्यांची सोय म्हणून कातड्यांवर अशी झाडं काढून घ्यायची कल्पना काढली. महागडं पुस्तक घेता येत नाही तर पूर्ण इतिहास एका नजरेत, मला या माणसाबद्दल फार आदर आहे. आता गोची अशी की हा कोम्पेंदियुम पुष्कळदा कोमेस्तोरच्या हिस्तोरियाला जोडूनच बांधलेला असतो, आणि मग कॅटलॉगमध्ये अख्ख्या बांधणीवर फक्त कोमेस्तोर चढतो. त्यामुळे कोमेस्तोरची कुठलीही प्रत आली की पहिली आणि शेवटची काही पानं उलटून बघाच.

दुसरं, मिन्येची जुनी छापील लॅटिन मालिका वापरत असाल तर खंडावरून पण ताळा घेता येतो: दामियानी १४४-१४५, आबेलार्दुस १७८, वेनेराबिलिस १८९, लोंबार्दुस १९१-१९२, कोमेस्तोर १९८, कांतोर २०५, ब्लेसेन्सिस २०७, चान्सेलर पिक्ताविएन्सिस २११. पण मिन्येने जुन्या आवृत्त्या जशाच्या तशा उचलल्यात, त्यातल्या नावांच्या चुका सुद्धा, म्हणून तिथलं नाव शेवटचं मानू नका. मिन्येबाहेरच्या छापील पुस्तकांतही हेच, ॲरिस्टॉटलच्या राजनीती या ग्रंथावरच्या अक्वायनसच्या भाष्याचं उदाहरण घ्या, तिसऱ्या भागाच्या मध्यापासून पुढचं सगळं पेत्रुस दे आल्वेर्नियाने (मृत्यू १३०४) पूर्ण केलेलं आहे, आणि कित्येक जुन्या छापील प्रतींत ते सलग अक्वायनसच्याच नावावर आहे.

तुमच्या नोंदींच्या शीर्षकाचं विचाराल तर मी असं लिहीन: पेत्रुस पिक्ताविएन्सिस, पॅरिसचा चान्सेलर, मृत्यू १२०५. आणि खाली वेगळी नोंद: पेत्रुस पिक्ताविएन्सिस, क्लूनीचा सेक्रेटरी, बाराव्या शतकाचा मध्य. जन्मसाल या लोकांचं बहुतेक वेळा अंदाजाचं असतं, मृत्यूचं साल मठांच्या आणि कॅथेड्रलांच्या मृत्यूनोंदींमुळे जास्त पक्कं, म्हणून शीर्षकात मृत्यूच घ्या. हुद्दा नेहमी टाका. आबेलार्दुस, लोंबार्दुस, कोमेस्तोर यांना हुद्द्याची गरज नाही, ते नावानेच ओळखू येतात, पण हिस्पानुस, पिक्ताविएन्सिस, ब्लेसेन्सिस आणि तारान्तेसवाला हे चार हुद्द्याशिवाय अजिबात सोडू नका, आणि जिथे दोन माणसांत शंका आहे तिथे दोन्ही नोंदींतून एकमेकांकडे बोट दाखवणारी ओळ ठेवा.